मोटर यॉटचे आकडे गोव्याच्या पाण्यात कसे वाचायचे

यॉटच्या माहितीपत्रकात मोठ्या टायपात दोनच गोष्टी छापतात: लांबी आणि कमाल वेग. गोव्यात यॉट विकत घेणाऱ्याला, पर्यटकांसाठी भाड्याने चालवणाऱ्याला किंवा तिच्या सुकाणूवर हात बसवू पाहणाऱ्याला हेच दोन आकडे सगळ्यात कमी उपयोगाचे. कामाचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात: ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते), भरलेलं वजन, इंजिनाचे फेरे, पंख्याची म्हणजे प्रोपेलरची पिच, थ्रस्टरचा (बोट आडवी ढकलणाऱ्या छोट्या पंख्याचा) जोर. तेही बहुधा थंड हवेत, स्वच्छ तळावर, अर्ध्या टाकीवर आणि दोन-चार माणसं घेऊन मोजलेले. आग्वादच्या किल्ल्याखाली दुपारी तीन वाजता, बारा पाहुणे वर बसलेले असताना त्या आकड्यांचं काय होतं, ते हिशेब मांडूनच कळतं.

हिशेबासाठी एक नमुना धरू. ही कुठल्याही कंपनीची बोट नव्हे, पण या आकाराच्या बऱ्याच बोटी याच्या आसपास असतात. एकूण लांबी १५.२ मीटर म्हणजे ५० फूट, पाण्याच्या रेषेवरची लांबी १२.८ मीटर, रुंदी ४.५ मीटर, ड्राफ्ट १.२ मीटर, रिकामं वजन १७ टन. डिझेल १८०० लिटर, गोडं पाणी ५०० लिटर. ४३५ अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं, सरळ शाफ्टवर दोन पंखे, कमाल वेग २७ नॉट. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, त्या हिशेबाने २७ नॉट म्हणजे तासाला ५० किलोमीटर.

आधी वजन

रिकामं वजन म्हणजे टाक्या कोरड्या आणि बोटीवर कोणी नाही. डिझेल लिटरला साधारण ०.८४ किलो भरतं, म्हणजे १८०० लिटरचा दीड टन झाला. पाण्याचा अर्धा टन. बारा माणसं, सरासरी ७५ किलो धरली तर ९०० किलो. नांगराची साखळी, छोटी रबरी होडी, सुटे भाग, बर्फाच्या पेट्या आणि गोव्यात ओघानेच येणारी बिअरची खोकी मिळून आणखी सहाशे किलो. १७ टनांची बोट धक्का सोडताना साडेवीस टनांची झालेली असते.

या बोटीचा पाण्याला टेकलेला आडवा पसारा साधारण ४३ चौरस मीटर. म्हणजे ती एक सेंटीमीटर जास्त बुडायला सुमारे ४४० किलो लागतात, आणि साडेतीन टनांनी ती ८ सेंटीमीटर खाली बसते. कागदावरचा १.२ मीटर ड्राफ्ट धक्क्यावर १.२८ होतो. आपण १.३ धरू. विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: हा ड्राफ्ट पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजलाय की फक्त तळापर्यंत? पंखे तळाच्या खाली लोंबत असतील तर फरक २०-३० सेंटीमीटरचा पडू शकतो, आणि वाळूला पहिला लागतो तो पंखाच.

ड्राफ्ट, भरती आणि वाळूचा दांडा

गोव्यात यॉट चालवण्याचं निम्मं शहाणपण इथे आहे. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, आहे. शापोऱ्याच्या आणि बेतूलला साळ नदीच्या तोंडाशीही वाळू साचते, आणि तिथल्या वाटा तर आणखी अरुंद. पावसाळ्यात आग्वादच्या दांड्यावर लाटा फुटतात. म्हणूनच खनिजाच्या बार्जी त्या दिवसांत समुद्राचं तोंड टाळून कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. दर पावसाळ्यानंतर वाळू जागा बदलते. नकाशा छापला जातो तेव्हाच काही अंशी शिळा झालेला असतो.

नकाशावरची खोली सर्वसाधारणपणे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून दिलेली असते. त्या वेळची भरतीची उंची तिच्यात मिळवायची. समजा दांड्यावर नकाशा १.४ मीटर दाखवतो आणि भरतीच्या तक्त्यात आत्ताची उंची १.२ मीटर आहे. पाणी झालं २.६ मीटर. त्यातून १.३ मीटर ड्राफ्ट गेला, उरलं १.३. बाहेर एक मीटरची लाट असेल तर तिच्या खोलगट भागात पाणी सरासरीपेक्षा अर्धा मीटर खाली जातं, उरलं ०.८. बोट पुढे-मागे डुलते तेव्हा मागचा भाग आणखी वीत-दीड वीत खाली जातो. शेवटी हाती राहतं ते जेमतेम अर्धा मीटर, तेही वाळू हललेली नाही असं मानून. अशा वेळी तासभर थांबायचं, भरती वर येऊ द्यायची. गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा, त्यामुळे दीड-दोन तासांत चित्र पार बदलतं. भांगाच्या दिवसांत मात्र भरती फारशी चढत नाही, तेव्हा नुसतं थांबून भागत नाही. वाट बदलावी लागते.

खोली दाखवणारं यंत्र नेमकं कुठून मोजतंय हेही पाहून ठेवा. काही बोटींत ते सेन्सरपासून, काहींत पाण्याच्या पृष्ठभागापासून, काहींत सर्वांत खालच्या टोकापासून आकडा देतं. सेटिंगमधला हा एक आकडा उलट-सुलट भरलेला असला की पडद्यावर १.५ मीटर दिसत असताना पंखा वाळू ढवळत असतो. दोरीला वजन बांधून धक्क्याला एकदा खोली मोजा आणि यंत्राशी ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नव्या बोटीवर ते हमखास राहून जातं.

उथळ पाण्यात वेग घेतला की बोट खाली बसते. तळ आणि वाळू यांच्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात धावतं, त्याचा दाब घटतो, मागचा भाग खाली ओढला जातो. म्हणून उथळात हळू. उलट टोकाची चूकही होते: वीस नॉटवर पृष्ठभागावरून सरकणारी बोट कमी पाण्यातून जाते म्हणून कोणी त्या जोरावर दांडा ओलांडतो, मग समोर जाळ्याचे बोये दिसतात आणि तो थ्रॉटल एकदम ओढतो. त्या क्षणी मागचा भाग धपकन बसतो, मागून स्वतःचीच लाट येऊन गाठते, आणि पंखा व सुकाणू दोन्ही वाळूत.

वेळ निवडायची तर भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागातली, आणि शक्यतो सकाळची. डिसेंबर ते मे या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र गुळगुळीत. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर धावतंय आणि समोरून समुद्राची लाट येतेय, अशी गाठ पडली की तीच लाट आखूड आणि उभी होते, कधी फुटते. याच जागी भरतीत काही जाणवतही नाही. शिवाय हिवाळ्याच्या महिन्यांत आखाती देशांकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेली लांब लाट गोव्यापर्यंत पोचते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आहे. इथे वारा नसतानाही ती येते. म्हणून निघण्याआधी नुसता वाऱ्याचा अंदाज न बघता हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाजही बघायचा.

वेग कुठून येतो आणि डिझेल कुठे जातं

पाणी कापत जाणारी कुठलीही बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: ती मर्यादा. आपल्या नमुन्यात ४२ फूट, वर्गमूळ ६.४८, वेग ८.७ नॉट. याच्या पलीकडे जायचं तर बोटीला स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावर सरकू लागावं लागतं. त्यासाठी तळ मागे सपाटसर हवा, वजन हलकं हवं, ताकद भरपूर हवी. मधला टप्पा साधारण १० ते १६ नॉटचा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचललेली, समोरचं दिसत नाही, मागे खड्ड्यासारखी लाट, आणि डिझेलचा धूर.

डिझेल इंजिन एक किलोवॉट-तासामागे साधारण पाव लिटर इंधन खातं. दोन्ही इंजिनं मिळून ८७० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६५० किलोवॉट, म्हणजे पूर्ण ताकदीवर तासाला १६० लिटरच्या वर. पाऊण ताकदीवर, २२ नॉटला, १२० लिटर, मैलाला साडेपाच. ८ नॉटवर मात्र तासाला २० लिटरच्या आसपास, मैलाला अडीच. आणि मधल्या १४ नॉटवर मैलाला सहाच्या वरच. म्हणजे १४ नॉट हा सगळ्यात वाईट सौदा: वेग कमी आणि खर्च जास्त. एकतर आठवर चाला, नाहीतर वीसच्या वर.

पणजीसमोर या मधल्या वेगाचा आणखी एक दोष आहे. मागे उठणारी लाट याच वेगाला सर्वांत मोठी असते. पणजी-बेती फेरी, कॅसिनोंना माणसं पोचवणाऱ्या बोटी, काठावर बांधलेल्या होड्या या सगळ्यांवर ती जाऊन आदळते. नदीत असताना मागे वळून स्वतःची लाट बघत वेग ठरवायचा. पडद्यावरचा आकडा बघून नव्हे.

आता पल्ला. माहितीपत्रकातला मोठा पल्ला बहुतेक वेळा ८ नॉटवर आणि टाकी जवळजवळ कोरडी होईपर्यंत धरून काढलेला असतो. आपण पाचवा हिस्सा राखीव ठेवू, उरले १४४० लिटर. २२ नॉटने २६० सागरी मैल, ८ नॉटने पावणेसहाशे. पणजीहून मालवण चाळीसेक मैल, ते सहज. मुंबई सव्वादोनशेच्या आसपास. २२ नॉटने हिशेब बसतो, पण उत्तरेला जाताना दुपारी वायव्येचा वारा नाकावर येणार आणि वेग उतरवावा लागणार. उतरून तो नेमका बारा-चौदावर आला तर राखीव डिझेलला हात लागलाच म्हणून समजा.

इंजिन आणि पंखा: एकच कसोटी

इंजिनाची अश्वशक्ती वाचताना रेटिंग वाचा. त्याच लोखंडाचं इंजिन कंपनी दोन-तीन ताकदींना विकते. खाजगी वापराच्या रेटिंगला ताकद जास्त, पण पूर्ण ताकदीवर थोडाच वेळ चालवायचं आणि वर्षाला काहीशे तासच, अशी अट असते. रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या भाड्याच्या बोटीला हे रेटिंग परवडत नाही. तिला कमी ताकदीचं, व्यावसायिक रेटिंगचं इंजिन हवं. दोन्ही बोटी धक्क्यावर शेजारी बांधल्या तर फरक दिसत नाही. हमीचा कागद उघडला की दिसतो.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे घट्ट माध्यमातून स्क्रूसारखा फिरला तर एका फेऱ्यात पंखा किती पुढे जाईल ते. नमुन्यात इंजिनाचे कमाल फेरे मिनिटाला २८००, गिअर १.७५ला १, म्हणजे पंखा १६०० फेरे. पिच २६ इंच. गुणाकार केला तर ३४ नॉट येतात. प्रत्यक्षात २७ मिळतात, कारण पाणी घट्ट नसतं. सुमारे २१ टक्के घसर जाते. अशा बोटीला हे प्रमाण ठीक आहे. तीसच्या वर जायला लागलं तर पंख्याची पाती वाकलेली आहेत, त्यांवर शिंपले बसलेत किंवा बोट जड झाली आहे.

आता कसोटी. भरलेल्या टाक्या, पूर्ण माणसं, खुला समुद्र, थ्रॉटल शेवटपर्यंत. इंजिनाने २८०० फेरे गाठलेच पाहिजेत. २६०० वर अडकलं तर पंखा त्याला जड आहे. मग ते अनमोड घाटात चौथ्या गिअरवर चढवलेल्या ट्रकसारखं रोज राबतं: काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट, टर्बोवर काजळी, आणि नंतर व्हॉल्व्ह-पिस्टनचा खर्च. मालकाला वाटतं, आपण तर कधी पूर्ण थ्रॉटल देतच नाही. पण पंखा जड असला की मधल्या फेऱ्यांवरही ताण येतोच. विक्रेते रिकामी बोट पळवून २८०० दाखवतात. भरल्यावर तिचे २६५० होतात. म्हणून पंखा निवडताना थोडा हलकाच घ्यावा. रिकाम्या बोटीला कमाल आकड्याच्या पन्नास-शंभर फेरे वर जाता आलं तर बरं.

गोव्यात याला तळावरच्या शेवाळाची आणि शिंपल्यांची जोड मिळते. पाणी वर्षभर कोमट, त्यामुळे उभ्या बोटीच्या पंख्यावर दोन-तीन आठवड्यांत थर बसतो. तळाला विषारी रंग असतो, पंखा बहुधा उघडाच. पाणबुड्याला उतरवून पंखा खरवडून घेतला तरी हरवलेले दोन-तीन नॉट परत येतात. तळाला लावायच्या बळीच्या धातूचीही (जो स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवतो) गोष्ट इथे वेगळी. खाऱ्या पाण्यात जस्त चालतं. मांडवीत वर बांधलेल्या बोटीला पावसाळ्यात जवळजवळ गोडं पाणी मिळतं, त्यात जस्तावर कडक पापुद्रा येतो आणि ते काम थांबवतं. तिथे ॲल्युमिनियमचे ठोकळे बरे.

इंजिनाचं तापमान चढलं की क्रम पाठ असावा. आधी थ्रॉटल खाली. मग मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी येतंय का बघा. येत नसेल किंवा कमी येत असेल तर आधी इंजिन आणि मग समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून गाळणीचं झाकण उघडा. नदीतली प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोसमात जेलीफिश तिथेच सापडतात. गाळणी स्वच्छ असेल तर पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं पात्यांचं चाक, बघा. त्याची पाती तुटलेली निघाली तर तुटलेले तुकडे मोजून शोधा, कारण ते पुढे कूलरच्या नळ्यांत जाऊन बसतात आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापत राहतं. सुटा इम्पेलर आणि तो काढायचं हत्यार, दोन्ही बोटीवर हवं. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही.

डिझेलचं दुखणं पावसाळ्यात वाढतं. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात, काळा चिकट गाळ होतो. बोट शांत उभी असताना तो तळाशी असतो, पहिल्या मोठ्या लाटांत ढवळला जाऊन फिल्टर तुंबवतो. म्हणजे इंजिन बंद पडतं ते दांड्यावरच. हंगामाच्या शेवटी टाकी भरून ठेवा, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा काचेचा पेला दर फेरीआधी बघा.

शाफ्ट, पॉड की आउटबोर्ड

पॉड म्हणजे तळाखाली लटकणारं, स्वतः वळणारं पंख्याचं युनिट. व्होल्वो पेंटाने आयपीएस या नावाने ते २००५ मध्ये आणलं; त्यात पंखे पुढे तोंड करून असतात. जॉयस्टिकने बोट आडवी सरकते, डिझेलही वाचतं. मात्र नावातल्या आकड्याला फसू नका: आयपीएस ६०० मधलं इंजिन ६०० अश्वशक्तीचं नसून साधारण ४३५-४४० चं असतं. गोव्यात पॉडची अडचण दोन ठिकाणी आहे. वाळूवर टेकलं तर पहिला मार त्या महागड्या युनिटला, आणि पुढे तोंड केलेल्या पंख्यात जाळ्याचा दोर सरळ येऊन गुंडाळतो. नदीत वर-खाली करणाऱ्या, बेतूल-शापोऱ्याला जाणाऱ्या बोटीसाठी आमचं मत सरळ शाफ्टकडे झुकतं, जमल्यास पंखे तळातल्या खोबणीत थोडे आत घेतलेले. ३५ फुटांखालच्या बोटीला मागे बाहेरून टांगलेली आउटबोर्ड इंजिनं उत्तम. वर उचलता येतात, धुता येतात.

धक्क्याला लागताना

दोन पंख्यांच्या बोटीत सुकाणू मधोमध ठेवायचं आणि काम गिअरवर करायचं. उजवीकडे जागच्या जागी वळायचं तर डावं इंजिन पुढे, उजवं मागे. थ्रॉटल जागेवरच. या बोटीत इंजिन मंद फिरत असतानाही दोन्ही गिअर पुढे टाकले तर वेग सहा नॉटच्या आसपास जातो, कारण पंखे २७ नॉटसाठी कापलेले असतात. धक्क्याजवळ सहा नॉट म्हणजे फार. म्हणून एकच इंजिन, दोन सेकंद गिअरमध्ये, मग मोकळं, मग परत. घाईने पुढून एकदम मागे टाकू नका. मध्ये मोकळ्यावर एक श्वास थांबा, गिअरबॉक्सचं आयुष्य त्यावर आहे.

एक पंख्याची बोट मागे घेताना सरळ येत नाही. पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा उलटा फिरवला की मागचा भाग डावीकडे ओढला जातो. त्यामुळे तिला डाव्या बाजूने धक्क्याला लावणं सोपं: तिरकं यायचं, मागे गिअर टाकायचा, पाठ आपोआप आत येते.

आता वारा. नमुन्याची एक बाजू, फ्लायब्रिज (छतावरचा उघडा मजला) धरून, ४५ चौरस मीटरची. १५ नॉटचा आडवा वारा तिच्यावर सुमारे १६० किलोचा जोर देतो. त्यातला निम्मा, ८० किलो, नाळेवर. नाळेचा थ्रस्टर १०० किलो जोराचा असेल तर तो नाळ धरून ठेवेल. वारा २० नॉटवर गेला की एकूण जोर २९० किलो होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. नाळेवर आले १४५. आता थ्रस्टर सतत दाबून धरला तरी नाळ वाऱ्याबरोबर जाणारच. शिवाय विजेवर चालणारे बहुतेक थ्रस्टर सलग दोन-तीन मिनिटंच चालतात, मग तापून आपोआप बंद पडतात. थ्रस्टर नेमका हवा असतो तेव्हाच बंद पडतो ही तक्रार म्हणूनच नेहमी कानावर येते.

मांडवीत दुपारी वारा एकीकडून, पाण्याची ओढ दुसरीकडून असते. दोन्हींत जास्त जोर कशाचा ते आधी नदीच्या मध्यावर बोट मोकळी सोडून अर्धा मिनिट बघा. मग त्याच्या विरुद्ध तोंड करून धक्क्याला या, म्हणजे पाण्यावर वेग असला तरी धक्क्याच्या मानाने बोट जवळजवळ उभी असते आणि सुकाणू ऐकत राहतं. फेंडर (धक्क्याचा मार झेलणाऱ्या उशा) आणि दोर आधीच तयार. पहिला दोर मधल्या खुंटाचा: तो धक्क्यावर मागे बांधला आणि इंजिन हलकं पुढे टाकलं की बोट स्वतःच धक्क्याला चिकटून राहते, बाकीचे दोर निवांत बांधा. वीस टनांची बोट कोणी पायाने थोपवू नये. पाहुण्यांनाही हे निघतानाच सांगून ठेवावं, कारण उडी मारून पाय घालणारा नेमका पाहुणाच असतो.

बाहेर लाटांत

मागे दोन्ही बाजूंना ट्रिम टॅब नावाच्या सपाट पट्ट्या असतात. समोरून लाट असेल तर त्या थोड्या खाली करा, नाळ खाली येऊन तिची धार लाट कापते आणि आपट कमी होते. तळाचा व्ही-आकार मागे १४-१६ अंशांचा असेल तर बोट जास्त आपटते, २० च्या वर असेल तर मऊ जाते पण डिझेल जास्त खाते. मागून लाट असेल तर टॅब पूर्ण वर. हे विसरलं तर खाली दाबलेली नाळ पुढच्या लाटेत रुतते, पाठ उचलली जाते, सुकाणूला पाणी मिळत नाही आणि बोट गर्रकन आडवी होते. दांडा ओलांडून आत येताना हीच भीती. लाटेच्या पाठीवर, तिच्याच वेगाने यायचं; माथा ओलांडून पुढे उतरायचं नाही आणि मागच्या लाटेला गाठूही द्यायचं नाही.

युरोपीय नियमांनुसार बोटीवर अ, ब, क, ड अशा अर्थाची वर्गवारीची पाटी असते. दुसऱ्या वर्गाला वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मोजपट्टीवर ८ पर्यंत वारा आणि ४ मीटरपर्यंत लाट, तिसऱ्याला बोफर्ट ६ आणि २ मीटर. ही लाट म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. एखादी एकटी लाट जवळजवळ दुप्पटही येते. पाटीवर माणसांची संख्या वर्गागणिक वेगळी असू शकते, ती वाचा. आणि ती माणसं कुठे बसलीत हेही बघा. बारा जण फ्लायब्रिजवर चढले की नऊशे किलो पाण्यापासून चार मीटर वर जातात, बोटीचा गुरुत्वमध्य सुमारे पंधरा सेंटीमीटरने उंचावतो आणि तिचं डुलणं संथ, लांब होतं. संथ डुलणं पाहुण्यांना सुखाचं वाटतं. जाणकार त्याच वेळी माणसं खाली पाठवतो. सिकेरीसमोर डॉल्फिन दिसला की सगळे एका कठड्याकडे धावतात, तेव्हा सुकाणू वळवायचं नाही. आधी माणसं जागेवर.

नांगराबद्दल थोडक्यात: खोली आणि नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवा, किमान पाचपट साखळी सोडा, वारा असेल तर सातपट. ५ मीटर पाण्यात, दीड मीटर उंचीच्या नाळेला, किमान साडेबत्तीस मीटर. भरती चढणार असेल तर चढलेली खोली धरा. गोव्याची किनारपट्टी पश्चिमेला उघडी आहे आणि जूनमध्ये ती कोणाची गय करत नाही. रिव्हर प्रिन्सेस हे जहाज जून २००० मध्ये सिकेरी-कांदोळीच्या वाळूवर चढलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच पडून राहिलं.

चाचणीच्या दिवशी

टाक्या भरून घ्या, दहा-बारा माणसं न्या, दुपारची वेळ मागा. विक्रेता सकाळची देईल. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. नदीच्या बाहेर आल्यावर दर दोनशे फेऱ्यांनी वेग आणि इंधनाचा खप लिहा, प्रत्येक आकडा जाऊन आणि उलट येऊन, मग सरासरी. जीपीएसचा वेग जमिनीच्या मानाने असतो, एकाच दिशेला मोजला तर पाण्याची ओढ त्यात मिसळते. पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं ठेवा, दोन्ही इंजिनांचे फेरे आणि तापमान शेजारी-शेजारी लिहा. दोन्हींत पाच अंशांपेक्षा जास्त फरक आला तर कूलर उघडून बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. २२ नॉटवर दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्या. वीस नॉटवरून थांबायला किती लांबी लागते ते बघा. सगळे एसी चालू ठेवून जनरेटरचा भार बघा. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यावर एसीची थंड करण्याची ताकद कागदापेक्षा कमीच मिळते. परत येताना आडव्या वाऱ्यात थ्रस्टर सलग एक मिनिट चालवा आणि त्याच्या बॅटरीचा व्होल्टेज लिहा. शेवटी इंजिनखोलीची फळी उचलून बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या जागेत, हात घाला आणि ओलं लागलं तर ते चाखून बघा, खारं आहे की गोडं: खारं असेल तर शाफ्टचं सील किंवा कूलरचा पाइप, गोडं असेल तर पाण्याची टाकी किंवा एसीचा निचरा.